आजारी मांजर आणि पहिले शील

पंचशील आपण नेहमी म्हणतो. विहारात म्हणतो, मंगल परिणयात म्हणतो, नामकरणात म्हणतो, पुण्यानुमोदनाच्या दिवशीही म्हणतो. इतक्या वेळा म्हटलेली गोष्ट तोंडपाठ होते, आणि तोंडपाठ झालेल्या गोष्टीचा अर्थ विचारायचे माणूस विसरतो. शाळेत पाढे घोकून घेताना हे मी रोज पाहतो. त्यातून पहिल्या शीलाचा अर्थ विचारण्याची पाळी आपल्यावर सहसा येतच नाही. आपल्यापैकी कोण कोणाचा जीव घ्यायला निघाला आहे? पण कधी कधी हा प्रश्न अगदी चुलीजवळ येऊन बसतो, आणि मग पाठ केलेले शब्द पुरे पडत नाहीत.

मागच्या वर्षावासात रविवारच्या वंदनेनंतर एका उपासिकेने असाच प्रश्न विचारला. त्यांच्या घराने धम्मदीक्षा घेऊन तीनच वर्षे झालेली. घरात चौदा वर्षांचे मांजर, त्याची मूत्रपिंडे निकामी झालेली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले की आता हे बरे होणार नाही, इंजेक्शन देऊन मोकळे करू. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी दर रविवारी इथं बसून पाणातिपाता म्हणते. मग आता हो कसं म्हणू? आणि नाही म्हणावं तर त्याचे हाल बघवत नाहीत." मागे बसलेले दोघेतिघे हसले. एका कार्यकर्त्याने तर सुनावलेच, "ताई, समाजापुढं डोंगराएवढे प्रश्न आहेत आणि तुम्ही मांजर घेऊन बसलात!"

मला ते हसणे पटले नाही. अत्याचाराविरुद्ध मोर्चा काढताना काय बरोबर आणि काय चूक हे आपल्याला ठाऊक असते. तिथे धैर्य लागते, विचार आधीच झालेला असतो. इथे विचारच करायचा आहे, तोही कोणी पाहत नसताना, आणि ज्याच्याविषयी करायचा तो बोलू शकत नाही, मत देऊ शकत नाही. शीलाची परीक्षा अशाच ठिकाणी होते. शिवाय या प्रश्नावर आपल्या घरांत जी उत्तरे दिली जातात, ती ऐकली की जुना धर्म आपल्या घरातून किती गेला आणि किती माळ्यावर पडून आहे, हेही कळते.

पहिले उत्तर घरातली म्हातारी माणसे देतात. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला जाऊन दान करावे लागते! हे वाक्य महाराष्ट्रात कोणी ऐकले नाही असे घर सापडणार नाही. यात मांजराची दया कुठे आहे? पाप करा आणि सोने द्या, म्हणजे हिशेब मिटला. सोने कोणाला द्यायचे, हे सांगायला नकोच. ज्याच्या घरी चांदीचा वाळा नव्हता त्याने काय करायचे, याचेही उत्तर त्या शास्त्रात नाही. आपल्या घरातून काशी गेली, पण ही सोन्याच्या मांजराची भीती अजून गेलेली नाही, आणि पुष्कळ आजारी मांजरे केवळ या भीतीपोटी कोपऱ्यात कण्हत पडलेली असतात.

दुसरे उत्तर कोणी तोंडाने देत नाही, हाताने देतात. मांजर पोत्यात घालायचे आणि ओढ्यापलीकडे, नाही तर बाजारपेठेच्या मागे सोडून यायचे. आपल्या डोळ्यांसमोर मेले नाही म्हणजे आपल्या माथी पाप नाही. आजारी, म्हातारे, दात पडलेले मांजर अनोळखी जागी दोन-चार दिवसांत कुत्र्यांच्या किंवा उपासमारीच्या तोंडी जाते. सोडणाऱ्याला ते ठाऊक असते, म्हणून तर तो मागे वळून पाहत नाही.

तिसरे उत्तर सगळ्यांत सभ्य आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट. "त्याचा भोग आहे, भोगू दे. आपण मध्ये पडलो तर राहिलेला भोग पुढच्या जन्मी भोगावा लागेल." हे वाक्य उच्चारताना माणसे फार गंभीर चेहरा करतात. धम्मबांधवहो, हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. आपल्या आजा-पणजाला गावकुसाबाहेर ठेवताना हेच ऐकवले गेले. मागच्या जन्मीचे पाप आहे, भोगा. त्याच्या आजारात वैद्य आला नाही, कारण भोग. विहिरीचे पाणी मिळाले नाही, कारण भोग. १९५६ साली नागपूरला आपल्या लोकांनी जे फेकून दिले त्यात हा भोगही होता. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते ही समजूत खोडून काढली आहे, ती उगाच नव्हे. तथागतांकडेही मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक हाच प्रश्न घेऊन आला होता: माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे बरोबर आहेत काय? तथागतांनी त्याला पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून होणारा मार अशी रोजच्या अनुभवातली कारणे दाखवली, आणि सगळेच पूर्वकर्मावर ढकलणारे वस्तुस्थिती सोडून बोलतात असे सांगितले. मांजराची मूत्रपिंडे वयाने झिजतात. मागच्या जन्मी त्याने काय केले याच्याशी त्या झिजेचा काही संबंध नाही. जो भोग आम्ही माणसाच्या बाबतीत नाकारला, तो मांजराच्या गळ्यात कसा बांधणार?

आता धम्माचे उत्तर काय? इथे मात्र गुळमुळीत बोलून चालणार नाही. परंपरेत पहिले शील मोडते केव्हा याची पाच अंगे सांगितली आहेत: समोर जिवंत प्राणी असणे, तो जिवंत आहे याची जाणीव असणे, मारण्याचे चित्त असणे, त्यासाठी केलेला उपाय, आणि त्या उपायाने आलेला मृत्यू. डॉक्टरांचे इंजेक्शन या पाचही अंगांत बसते. 'झोपवले', 'मोकळे केले' असे गोड शब्द वापरून सुटका करून घेता येत नाही. विनयपिटकात तर आणखी कठीण गोष्ट आहे. एका आजारी भिक्खूची दया येऊन इतरांनी त्याच्यापुढे मरणाची थोरवी गायली आणि तो मेला. करुणेने केले म्हणून ते दोषातून सुटले नाहीत. ही गोष्ट माणसाची आहे, आणि माणसाला मारणाऱ्या भिक्खूला संघात जागा उरत नाही. जाणूनबुजून जनावराला मारणे हाही विनयात दोषच, पण तो कबूल करून शुद्ध होता येईल असा, पाचित्तिय. दोहोंत फरक आहे. पण दोष कुठेच पुसलेला नाही. श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड येथील बहुतेक भिक्खू आजही हेच सांगतील की मारू नका, सेवा करा.

म्हणजे प्रश्न मिटला काय? मला वाटते नाही. बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते. अहिंसा हे तथागतांनी तत्त्व म्हणून सांगितले, आणि मारण्याची केवळ इच्छा व मारण्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन आहे. कोणाला हे सोयीचे वाटेल. तत्त्व म्हटले की सवलत मिळाली! परंतु उलट आहे. नियम पाळणाऱ्याला फक्त हात आवरावा लागतो. तत्त्व पाळणाऱ्याला स्वतःच्या मनाची झडती घ्यावी लागते, कारण 'गरज' हा शब्द फार लबाड आहे. कोणाची गरज? मांजराची की माझी?

याच मुद्द्यावर १९२८ साली देशभर वाद झाला होता. साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. गांधींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याचा जीव घेतला आणि 'नवजीवन'मधून त्याचे समर्थन केले. अहिंसावाल्या मंडळींनी रागाच्या पत्रांचा पाऊस पाडला. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या आपल्या माणसांची डोकी फोडली गेली आणि मग गाईच्या शेणामुताने ते तळे शुद्ध करून घेतले गेले. वासरासाठी हळहळणाऱ्या पत्रलेखकांपैकी किती जणांनी त्या फुटलेल्या डोक्यांसाठी एक पोस्टकार्ड टाकले असेल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. पण युक्तिवाद कोणाच्या तोंडून आला यावर त्याचे खरेखोटेपण ठरत नाही. वासरू बरे होण्याची आशा नाही आणि सेवा करूनही त्याची वेदना कमी करता येत नाही, हे पाहून तो निर्णय घेतला गेला असेल, तर प्रश्न योग्य जागी विचारला गेला होता, असे म्हणणे भाग आहे.

योग्य जागा म्हणजे जनावराचे शरीर. आपले मन नव्हे, आपली भीती नव्हे, शेजारी काय म्हणतील हे तर नव्हेच. आणि इथे एक अडचण आहे. मांजर दुखणे दाखवत नाही. कुत्रे केकाटते, बैल हंबरतो, मांजर गप्प होऊन खाटेखाली जाते. घुरघुरते म्हणून ते सुखात आहे असे समजू नये. वेदनेतही मांजर घुरघुरते. मूत्रपिंडाच्या दुखण्यात ते आधी फार पाणी पिते, फार मुतते, मग वाळत जाते, ओकते, तोंडाला घाण वास येतो, तोंडात फोड येतात, अन्नाकडे तोंड फिरवते. हे दुखणे उलटत नाही. पण लवकर कळले तर योग्य खाणे, औषध आणि कातडीखाली सोडलेले सलाईन यांवर काही मांजरे महिनोन् महिने, कधी वर्षेही बरी राहतात. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न 'मारायचे का' हा विचारू नये. 'वेदना कमी करता येईल का' हा विचारावा. (जाता जाता एक सांगतो. घरातली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला कधीही देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा त्याच्या जिवावर बेतते. दया म्हणून दिलेल्या त्या गोळीने मांजर तडफडून मरते.)

आमच्या घरी मनी सोळा वर्षे होती. दोन खोल्यांत सात माणसे आणि ती. तिचे दुखणे हेच होते. माझी आई शाळेत गेलेली नाही, पण या बाबतीत तिने जी पद्धत काढली तिच्याहून चांगली मला कोणत्या पुस्तकात सापडली नाही. ती म्हणाली, "मांजर मांजर कशानं हाय? अंग चाटतं, उन्हाला भिंतीवर बसतं, सुकटाचा वास आला की पायात घोटाळतं. ही तीन बघत जा." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी एक खूण करू लागलो. तिन्ही गोष्टी झाल्या तर रेघ, एकही झाली नाही तर फुली. पहिल्या महिन्यात फुल्या दोन. दुसऱ्यात नऊ. तिसऱ्या महिन्यात आठवडी बाजारातून आणलेले सुकट आईने तव्यावर टाकले, घरभर वास सुटला, आणि मनी खाटेखालून बाहेर आली नाही. तो आठवडा सगळा फुल्यांचा गेला. अंग चाटणे बंद झाले म्हणून केस गुठळ्यांनी चिकटलेले, उचलली तर हातात नुसती हाडे. डॉक्टरांनी वेदनेचे औषध देऊन पाहिले होते, सलाईन देऊन पाहिले होते. त्या आठवड्यानंतर आम्ही निर्णय घेतला. कॅलेंडर नसते तर मी 'आज जरा बरी वाटते' असे रोज म्हणत राहिलो असतो, कारण मला तसे वाटायला हवे होते.

यात तृष्णा दोन्ही बाजूंनी काम करते. 'उद्या पाहू' म्हणणारा आपली माया मांजराच्या अंगावर लादतो. आणि 'संपवून टाका' म्हणणारा पुष्कळदा स्वतः थकलेला असतो. रात्री उठून ओकारी पुसण्याचा कंटाळा आलेला असतो, गाडीभाडे करून गावाला जायचे असते, मुताचा वास पाहुण्यांपुढे नको असतो. थकणे हा गुन्हा नाही. परंतु त्या थकव्याला करुणा असे नाव देणे हे मुसावादा आहे, चौथे शील मोडणे आहे, आणि तेही स्वतःशीच.

पैशाचा प्रश्न यापेक्षा अवघड. रोजंदारीवर जगणाऱ्या घराने मुलाची फी भरायची की मांजराचे सलाईन? गरिबाला या प्रश्नात पापी ठरवणारे उत्तर मी मानत नाही. ज्या घराला औषध परवडत नाही, त्या घरात मांजरापुढे दोनच वाटा उरतात: औषधाशिवाय आठवडे तळमळणे किंवा शांत मरण. अशा वेळी इंजेक्शनला हो म्हणणे ही मारण्याची इच्छा नव्हे. पण ते सरळ बोलावे. "पैसे नाहीत म्हणून" असे म्हणावे, "त्याचे दिवस भरले होते" असे नव्हे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई, म्हशी, शेळ्या येतात. तिथे मांजर घेऊन जायला पुष्कळांना लाज वाटते. लाजू नये. डब्यात कापड घालून न्यावे आणि विचारावे.

आता ज्यांचे मन हे सगळे ऐकूनही इंजेक्शनला तयार होत नाही, त्यांना मी कमी धम्मशील समजत नाही. त्यांच्या बाजूने परंपरा उभी आहे. मात्र त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'मारणार नाही' एवढे म्हणून त्यांची जबाबदारी संपत नाही, तिथून ती सुरू होते. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला कोणी विचारीत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावून त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर ठेवले, आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी असे भिक्खूंना सांगितले. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. तेव्हा नको म्हणणाऱ्याने डॉक्टरांकडून मांजरासाठीचे वेदनाशामक आणावे, दर काही तासांनी तोंड ओले करावे, अंग पुसावे, थंडीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी, अंधारी निवांत जागा द्यावी. हे सगळे करून मांजर आपल्या मरणाने गेले तर ते चांगले मरण आहे. पण इंजेक्शनलाही नाही आणि सेवेलाही नाही, नुसते हात जोडून बसणे, याला मी शीलपालन म्हणणार नाही. ते मघाचेच 'भोगू दे' आहे, फक्त पाली भाषेत.

कोणी विचारील, मग म्हाताऱ्या माणसाचे काय? आज मांजर, उद्या आजी? नाही. माणूस आपले दुःख सांगू शकतो, आपली इच्छा सांगू शकतो, अर्थ समजून वेदना सोसू शकतो. दुसऱ्याने त्याच्या वतीने असा निर्णय घेण्याचा अधिकार विनयानेही दिलेला नाही आणि आपल्या समाजाच्या इतिहासाकडे पाहता आपण तो कोणाच्याही हाती देता कामा नये. कोणाचे आयुष्य जगण्यासारखे आहे हे दुसऱ्यांनी ठरवायचे, हा खेळ आपण फार सोसला आहे.

ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यासाठी दोन शब्द. १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा जनावराला उगाच क्रूर रीतीने मारण्यास मनाई करतो. म्हणून विष, पोते, पाणी यांपैकी काहीही हाती घेऊ नये, हे काम पशुवैद्याचेच. चांगला डॉक्टर आधी गुंगीचे इंजेक्शन देतो, मांजर झोपल्यावर शिरेतून भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा देतो. थोड्याच वेळात श्वास थांबतो. डोळे उघडेच राहतात, कधी नंतर एखादा आचका येतो. मांजर तेव्हा गेलेले असते, घाबरू नये. घरातल्या कोणीतरी जवळ असावे, ज्याच्या हाताची त्याला सवय आहे असे. लेकरांना 'पळून गेली' असे सांगू नये. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला आम्ही खरे सांगितले. ती रडली, मग तिने विचारले, "मामा, मनीसाठी त्रिसरण म्हणायचं का?" म्हणालो, म्हण. कोणाचे काय बिघडते? दहावे नाही, कावळ्याचा घास नाही, पाप फेडायला कोणाला काही द्यायचे नाही.

खड्डा मात्र चांगला कंबरभर खोल खणावा आणि वर दगड ठेवावेत. भुलेचे ते औषध मेलेल्या शरीरात राहते, आणि कुत्र्यांनी उकरून खाल्ले किंवा उकिरड्यावर टाकलेले घारी-कावळ्यांनी टोचले, तर तेही मरतात.